टाकीतली सुटलेली नळी

मित्रांनो, मी एक जुना कमोड आहे. हसलात ना? हसून घ्या. माझ्यासमोर आल्यावर माणसं एकतर हसतात, नाहीतर नाक दाबतात. मला दोन्हीची सवय आहे. पण आज जे सांगणार आहे, त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

माझा जन्म मातीतून झाला. बारीक पांढरी माती पाण्यात कालवून साच्यात ओतली, वाळवली, वरून काचेसारखा लेप दिला आणि मला भट्टीत लोटलं. माझ्याबरोबर गेलेले चारजण तडकून निघाले. त्यांना तिथेच हातोड्याने फोडलं. माझ्या अंगावर एकही रेघ उमटली नव्हती, म्हणून मी पेंढ्यात गुंडाळला जाऊन एका दुमजली घरात पोचलो.

घर दोन भावांचं होतं, निम्मं निम्मं. खाली दोघांचे संसार आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू. मला वरच्या जिन्याजवळच्या संडासात बसवलं. थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलीही वस्तू उघडून आत डोकावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मला बसवलं तेही त्यानेच. नुकतंच लग्न झालं होतं, तर बायकोला हाताला धरून वर घेऊन आला आणि माझ्या टाकीचं झाकण उचललं.

"हे बघ, फ्लश केला की टाकीतलं पाणी भसकन खाली जातं. मग टाकी परत भरते. भरताना ही बारकी नळी या उभ्या पाईपात थोडं पाणी सोडते. ते भांड्यात जाऊन साठतं. ते साठलेलं पाणी म्हणजे बूच समज. त्याच्यामुळे गटाराचा वास वर येत नाही."

"लोक लग्न झाल्यावर बायकोला फिरायला नेतात," ती म्हणाली. पण वाकून बघितलं मात्र तिने नीट.

ती माझी चांगली वर्षं होती. पाहुणे खाली जाऊन सांगत, "संडास असावा तर असा." मी चकाचक असे आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

मग एके दिवशी धाकटा लिफ्टच्या कामावर गेला आणि खड्ड्यात पडून संपला. घरात उरली धाकटी. मूलबाळ नाही, नोकरी नाही, पण निम्मं घर तिच्या नावावर. हे निम्मं घर थोरलीच्या डोळ्यात खुपू लागलं. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. आरडाओरडा करणारी बाई नव्हती ती. हळू आवाजात, गोड हसत बोलायची. "अगं, एकटीने कशाला राहायचं इथे? बहिणीकडे जा. घराच्या कागदावर एक सही कर आणि मोकळी हो." धाकटी ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. काम काही कमी नव्हतं. धुणी, भांडी, वरचा जिना, आणि मी.

अशात माझी ती रबरी नळी सुटली. त्यात कुणाचा दोष नव्हता. रबर जुनं झालं, ताठरलं आणि उभ्या पाईपातून उडून टाकीतच लोंबकळू लागलं. टाकी भरायची, पण भांड्यात पाणी जायचंच नाही. तळाशी जेमतेम वाटीभर उरायचं. कडेने पिवळे डाग धरले आणि गटाराचा वास थेट जिन्यापर्यंत पोचला.

वर राहणारे मास्तर नाकाला रुमाल लावून खाली गेले. थोरलीने सगळ्यांदेखत धाकटीला हाक मारली. "घासतेस की नुसतं पाणी मारतेस गं? लोकांना उलट्या व्हायची वेळ आली!"

धाकटी मला घासू लागली. दिवसातून चार वेळा. थोरलीने ऍसिडची बाटली आणून दिली, हातमोजे काही दिले नाहीत. तिच्या बोटांची सालं निघाली. जेवताना घास कालवला की झोंबायचं, म्हणून ती डाव्या हातात चमचा धरून जेवू लागली. तर थोरली म्हणाली, "बघा, हिची हिलाच किळस येते."

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी घासता घासता धाकटी थांबली. माझ्यातल्या वाटीभर पाण्याकडे बघत राहिली आणि मग उठून तिने टाकीचं झाकण उचललं. लोंबकळणारी नळी पाहून ती स्वतःशीच म्हणाली, "हात्तिच्या!" तिने नळीचं टोक उभ्या पाईपात घातलं, पुन्हा उडू नये म्हणून बारीक तारेने बांधलं आणि फ्लश केला. टाकी भरू लागली तसं माझ्यातलं पाणी चढलं आणि नेहमीच्या खुणेपाशी येऊन थांबलं. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या खोलीतल्या नर्सबाईंना तिने हाक मारली. "बाई, बघा हो, भरलं!" नर्सबाईंनी तिची पाठ थोपटली. आणि मग धाकटीने काय करावं? धावत खाली जाऊन थोरलीलाही वर आणलं. "जाऊबाई, एवढीशी नळी सुटली होती बघा. मी इथे तार बांधलीय."

थोरलीने वाकून बघितलं. अगदी नीट बघितलं. "हुशार आहेस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आपापल्या कामावर गेले होते आणि धाकटी धुणं वाळत घालत होती. थोरली वर आली. तिने आतून कडी लावली. मला वाटलं, हिलाही कौतुक वाटलं असावं. तिने झाकण उचललं, बाही न सारता हात टाकीत घातला, तारेचे पीळ एकेक करून सोडले आणि नळी पाईपातून काढून लोंबती सोडली. मग फ्लश केला, पाणी खाली गेलेलं पाहिलं आणि साडीला हात पुसत निघून गेली.

मित्रांनो, मला आतून हादरल्यासारखं झालं. पण मी पडलो चिनी मातीचा. काय करणार?

संध्याकाळी पुन्हा वास, पुन्हा मास्तरांचा रुमाल, पुन्हा सगळ्यांदेखत बोलणी. धाकटीने झाकण उचललं आणि चक्रावली. पुन्हा बांधलं. दोन दिवसांनी पुन्हा सुटलेलं. असं तीन आठवडे चाललं. धाकटी नळी बांधून गेली की जिन्यातून परत यायची, झाकण उचलून बघायची, पुन्हा जायची. पुढे पुढे ती स्वतःशी पुटपुटू लागली. "बांधली होती. मी बांधली होती ना?" आणि थोरली खाली शेजारणींना हळू आवाजात सांगायची, "तिच्या डोक्यावर परिणाम झालाय हो. संडासातून बाहेरच येत नाही."

एकदा मात्र थोरली कडी काढून बाहेर पडली तेव्हा नर्सबाई समोरच उभ्या होत्या, लवकर घरी आलेल्या. थोरलीची बाही कोपरापर्यंत ओली होती आणि पाणी टपकत होतं. नर्सबाईंनी बाहीकडे पाहिलं. थोरलीने नर्सबाईंकडे पाहिलं आणि गोड हसून विचारलं, "खोली बरी आहे ना तुम्हाला? एवढ्या जवळ दुसरी मिळायची नाही."

नर्सबाई आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

शेवटी थोरल्याने प्लंबर बोलावला. रविवारची सकाळ होती, सगळे घरात होते, जिन्यात गर्दी झाली. प्लंबरने आत बघून मान हलवली. "नळी ठीक आहे. बांधलीय पण झकास. ही तार आपोआप नाही सुटत, साहेब. कुणीतरी सोडतंय."

"कोण सोडणार?" थोरली म्हणाली. "दिवसभर तीच तर असते इथे. स्वतःच सोडायची, स्वतःच लावायची आणि लोकांकडून पाठ थोपटून घ्यायची."

धाकटीने जावेकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. त्या क्षणी कळलं. "भाऊजी, मी नाही. मी कशाला..." ती म्हणाली. चष्मेवाल्या थोरल्याने खाली बघितलं. मग ती नर्सबाईंकडे वळली. "बाई, तुमची खोली इथे लागून आहे. तुम्ही कुणाला येताना-जाताना पाहिलंय का हो? सांगा ना."

मी श्वास घेत असतो, तर तेव्हा रोखून धरला असता.

नर्सबाई म्हणाल्या, "मला काही माहीत नाही."

मास्तरांनी कपाळाला बोट लावून प्लंबरला खूण केली. प्लंबर हसला.

बुधवारी धाकटीने कागदावर सही केली. गुरुवारी सकाळी बहिणीकडे जायला पिशवी भरली, जिन्यात ठेवली आणि वर आली. झाकण उचललं. नळी सुटलेलीच होती. तिने ती उभ्या पाईपात घातली, तारेचे सात पीळ दिले आणि कुणाच्या हाताला टोचू नयेत म्हणून तारेची टोकं आत वळवली. फ्लश करून पाणी खुणेपर्यंत चढलेलं बघितलं. मग पिशवी उचलून गेली.

त्यानंतर ती तार कुणीही सोडली नाही. आता सोडायची गरज कुणाला होती? माझ्यात पाणी बरोबर खुणेला असे, डाग गेले, वास नाहीसा झाला. चार दिवसांनी मास्तर जिन्यात म्हणाले, "धाकट्या वहिनी गेल्या आणि वासही गेला. म्हणजे थोरल्या वहिनी म्हणत होत्या त्यात तथ्य होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

नर्सबाई टॉवेल घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्या आत आल्या, कडी लावली, टाकीचं झाकण उचललं. तारेच्या त्या आत वळवलेल्या टोकांवरून त्यांनी बोट फिरवलं. झाकण आवाज न करता जागेवर ठेवलं आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली. धाकटीच्या खोल्यांत आता नवे भाडेकरू आहेत.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. तुमच्या घरातल्या भांड्यातलं पाणी खाली गेलं, तर आधी टाकीचं झाकण उचला आणि नळी जागेवर आहे का बघा. दोन मिनिटांचं काम असतं. घासणाऱ्या माणसावर ओरडण्याआधी एवढं करा. आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलं असेल आणि कुणी चारचौघांत तुमच्याकडे वळून विचारलं, तर तेव्हाच सांगा. धाकटी माझ्याकडे वळली असती, तर मी सांगितलं असतं. पण कमोडला कोण विचारतं?