मवेरा सुटला त्या दिवशीचा धडा

"म्हणा, आय वाँट टू गो होम," वेझी मायक्रोफोनमध्ये म्हणाली आणि गप्प बसली.

ती गप्प बसली की आमचा अख्खा किनारा बोलायचा. मासळी वाळत घालणाऱ्या बायका, कसावा सोलणाऱ्या म्हाताऱ्या, आणि तळ्यावर होडीत रेडिओ टांगून बसलेले बाप्ये, सगळे एका सुरात, "आय वाँट टू गो होम!" खाडीतले पाणघोडेसुद्धा 'आय वाँट टू' पर्यंत म्हणायचे. पुढचं त्यांना जमायचं नाही. हसू नका, मी या कानांनी ऐकलंय.

वेझी माझी सून. टेकडीवरच्या रेडिओ स्टेशनात सकाळचा इंग्रजीचा धडा घ्यायची, आणि मी तिची तान्ही तावोंगा मांडीवर घेऊन काचेच्या अलीकडे बसायची. शिकवायची छान हो पोरगी. आमचे लोक दोन होड्या मिळून एक जाळं ओढतात ना, तसंच सांगायची. पुढची होडी वाँट, होप, ट्राय, फर्गेट, हवी ती घ्या. मागची होडी म्हणजे काम, गो, ईट, स्लीप. आणि मधली दोरी म्हणजे 'टू'. मला या वयात तेवढं इंग्रजी आलं, ते तिच्यामुळं.

त्या दिवशी 'ट्राय' चालू होतं आणि बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. स्टेशनचे न्यिरेंदा साहेब फोनवर बोलून आत आले, तोंड राखेसारखं.

"आजी, दक्षिणेच्या बंदरात मवेरा सुटलाय. होड्या उलटल्यात. वारा इकडंच निघालाय."

मवेरा म्हणजे काय ते मला विचारा. एका साली त्यानं माझी शेळी उचलून चर्चच्या छपरावर ठेवली होती. आठवडाभर मी शिडीवरून तिला पाला दिला. उतरली ती इतकी धार्मिक होऊन, की बोकडाकडं बघेना.

पण त्या दिवशी मला शेळी आठवली नाही. खिडकीतून तळं दिसत होतं, तेलासारखं गुळगुळीत, आणि त्यावर दूरवर आमच्या होड्यांचे ठिपके. त्यातला एक ठिपका माझा लेक, लास्टन.

"मग सांगा की रेडिओवर!"

"धडा संपला की सांगतो."

"तोवर कुणाला सांगणार, माशांना?"

"आजी, हा तास शहरातल्या ऑफिसचा आहे. यात धड्याबाहेरचा एक शब्द गेला तर स्टेशनला टाळं. मागं कुणाची गाय हरवल्याचं मधेच सांगितलं, तर मला लहान पोरासारखं उभं करून झापलं त्यांनी."

वेझीच्या खोलीचं दार उघडंच होतं. वेझीनं सगळं ऐकलं. काचेतून तिनं माझ्याकडं पाहिलं, मग तावोंगाकडं, मग खिडकीकडं. आणि तोंड मायक्रोफोनला लावलं.

"द विंड इज बिगिनिंग टू ब्लो."

किनारा खूश झाला. नवीन वाक्य! "द विंड इज बिगिनिंग टू ब्लो!"

"ट्राय टू कम होम. नाऊ!"

"ट्राय टू कम होम. नाऊ!" पाण्यावरून बाप्यांचा आवाज आला, खणखणीत. कुणीतरी तर चालच लावली. आणि एकही होडी वळली नाही.

वेझी ओरडून म्हणाली. ते तिच्याहून मोठ्यानं ओरडले. तिचा आवाज कापायला लागला, तर खालच्या बायका मुद्दाम आवाज कापवून म्हणायला लागल्या. रोज त्यांना म्हणायचीच सवय, ऐकायची कुठली?

क्षितिजावर एक पांढरी रेघ उठली. चुन्याची ओढल्यासारखी.

"साहेब, दोन शब्द," वेझी म्हणाली. "आपल्या भाषेत."

"नाही म्हटलं ना!"

तिनं डोळे मिटले.

"लास्टन," ती म्हणाली.

आमच्या किनाऱ्यावर बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. 'तावोंगाचे बाबा' म्हणायचं, घर पेटलं असलं तरी. नाव घ्यायचं ते एकदाच, तो गेल्यावर, त्याला पुरताना.

"लास्टन! लास्टन बांडा! ऐकतोयस का? मवेरा येतोय. जाळं काप आणि परत ये! सगळ्यांना घेऊन ये!"

हा धडा कुणीच म्हटला नाही. खाली बायकांच्या हातातल्या सुऱ्या थांबल्या. पाणघोडेसुद्धा गप्प.

न्यिरेंदा साहेब बटणाकडं धावले. मी उठले आणि तावोंगाला त्यांच्या हातात कोंबलं. "धरा जरा, माझा पाय आखडलाय." तान्हं मूल हातात आल्यावर माणूस काय करणार? तिनं त्यांच्या शर्टावर कार्यक्रम उरकला तोवर वेझीचं सांगून झालं होतं.

लास्टन पुढं म्हणायचा, "आई, ते ऐकलं आणि मला वाटलं मी मेलोच. अंग चाचपून बघितलं." बाकीच्यांनाही वाटलं, हा मेलाच. मेल्या माणसाच्या होडीशेजारी कोण थांबतं? सपासप जाळी कापली आणि किनाऱ्याकडं वल्ही मारत सुटले.

मी टेकडी उतरून खाली गेले. पहिल्या होड्या वाळूला लागल्या आणि वारा आलाच. मासळी वाळवायच्या माच्या उडाल्या, पाणी भिंतीसारखं उभं राहिलं. बाप्ये एकेक करून बाहेर आले. लास्टन दिसेना. कुणी माझ्याकडं बघेना. एक म्हातारी पुटपुटली, "नाव घेतलं ना तिनं. आता तळं नेणारच त्याला."

"तुझी जीभ नेऊ दे आधी!" मी म्हटलं.

रेडिओ नसलेल्या दोन होड्यांना हाका मारायला तो मागं राहिला होता. त्या आल्या. मग लाटेनं एक होडी उपडी आणून टाकली, आणि तिला धरून माझा लेक.

उठला. खोकला. हसायला कुणाला धीर होईना. एवढ्या गावासमोर बायकोनं नाव घेतलेला पुरुष आता काय करतो, हेच सगळे बघत होते. जाळी गेली होती, सगळ्यांचीच. तो टेकडी चढायला लागला. मी मागं.

वेझी स्टेशनच्या पायरीवर बसली होती. नोकरी गेली होती, ते सांगायला लागलं नाही. शेजारी तिची पिशवी, लाल, मण्यांची, बायकी; आमच्याकडचा बाप्या असली पिशवी हातातसुद्धा धरत नाही. तावोंगा पदरात.

तिनं मान वर केली नाही. "तावोंगाचे बाबा," ती म्हणाली.

लास्टननं वाकून ती पिशवी उचलली, खांद्याला अडकवली आणि गावातून जाणाऱ्या मोठ्या वाटेनं निघाला. वाऱ्यानं मणी खुळखुळत होते. बाप्ये वाटेतून बाजूला झाले.