अण्णांचा कॉम्प्युटर नवा केला तेव्हा

'चालतंय ना, मग चालू दे' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात ते अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. वर पडद्यावर रोज सूचना, की या जुन्या सिस्टिमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत. अण्णांना ती दिसत नव्हती. काचबिंदूनं चार वर्षांपूर्वीच त्यांची नजर नेली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

तरी त्यांचं टायपिंग चालू होतं. परळच्या एका गिरणीच्या लेबर ऑफिसात त्यांनी तीस वर्षं मराठी टायपिंग केलं, बोटांना कळा पाठ होत्या. घोडपदेवच्या आमच्या चाळीत बेचाळीस खोल्या. कुठल्या खोलीत कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाशी अबोला धरला, हे सगळं ते खोलीवार लिहीत होते. चाळ पाडायच्या आधी पुस्तक करून घरोघर वाटायचं, एवढीच त्यांची इच्छा. एकतीस खोल्या झाल्या होत्या. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी त्यांना कालचं पान वाचून दाखवायचो, म्हणजे त्यांना पुढचं सुचायचं. माझा एक डोळा घड्याळावर असायचा. चार वर्षं मी असं वाचलं.

शेवटी मी गल्लीतल्या अवधूतला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी लोअर परळला मीटिंगमध्ये होतो.

"निलेशदादा, मशीन चालेल, पण सगळं पुसून नवीन सिस्टिम टाकायला लागेल. डेटा काय काय ठेवायचाय?"

"डॉक्युमेंट्स आणि फोटो घे. बाकी त्यात महत्त्वाचं काही नाही."

"नक्की ना?"

"अरे नक्की. टाक ना बाबा!"

अण्णांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अठरा वर्षांपूर्वीचं. ते फायली डॉक्युमेंट्समध्ये ठेवतच नव्हतं, स्वतःच्याच कुठल्यातरी फोल्डरात ठेवायचं. मी सकाळी दोनदा क्लिक करायचो, कालचं पान समोर यायचं. ते राहतं कुठे, हे मी कधी पाहिलं नाही. पेन ड्राइव्हवर एक कॉपी ठेवू या, असं माझी बायको दर्शना दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचो, रविवारी बघू.

अवधूतनं चार दिवस डिस्क खरवडली. मग मी ती दादरच्या एका रिकव्हरीवाल्याकडे नेली. मेव्हण्याच्या लग्नाचे, कधीच डिलीट केलेले फोटो परत आले. अण्णांची एकही खोली आली नाही. अवधूतवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यानं विचारलं होतं.

अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा ते खूश झाले. अवधूतनं त्यांच्या सवयीचा मराठी कीबोर्ड बसवून दिला होता. दोन ओळी टाइप करून ते खुर्चीत मागे टेकले.

"आता वाच. एकोणीस नंबर काढ. तुझ्या जन्माचा वाच. लय दिवसांत आयकूक नाय."

एकोणीस म्हणजे आमचीच खोली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ब्याऐंशी वर्षांचा माणूस कान देऊन बसलेला, आणि माझी जीभ उचलेना. पडद्यावर त्या दोन ओळींशिवाय काही नव्हतं. हे पान मी स्वतः मोठ्यानं वाचलेलं, निदान तीनदा तरी. त्यातलं काय आठवतंय म्हणून डोकं खाजवलं, तर एकच शब्द हाती आला: दुपार. मी सुरुवात केली.

"भर दुपारी रखमाला कळा सुरू झाल्या. खाली जाऊन टॅक्सी आणली आणि..."

"टॅक्सी?" अण्णांनी हात वर केला. "टॅक्सी खंयची? त्या टायमाक एक टॅक्सी गल्लीत येय नाय. हातगाडी. शेजारच्या जयवंतान शिवडीच्या गोदामातसून आणलेली. मी हातगाडी लिवलंय."

'हो हो, हातगाडीच' म्हणालो असतो तर निभावलं असतं. पण पकडला गेलो की मला राग येतो. येतो स्वतःचा आणि निघतो समोरच्यावर.

"अण्णा, टॅक्सीच लिहिलंय. मला समोर दिसतंय ना."

त्यांनी वर केलेला हात हळूच खाली घेतला. मग म्हणाले, "मगे माकाच आठवत नसात."

त्या दिवशी त्यांनी काही टाइप केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच नंबरच्या मुलांची नावं पुटपुटत राहिले, मध्येच थांबले, पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. तिसऱ्या दिवशी कीबोर्ड पुढे सरकवला.

"बंद कर ह्या. लोकांच्या घरातल्या गोष्टी. चुकीचा लिवलंय तर लोक शिव्या घालतले."

तेव्हा कळलं, मी काय करून बसलो ते. डिस्क पुसली गेली होती, पण एकतीस खोल्या त्यांच्या डोक्यात शाबूत होत्या. त्यांनी सांगितलं असतं आणि मी लिहून घेतलं असतं, तर पावसाळ्यापर्यंत सगळं पुन्हा झालं असतं. ते मी पुसलं होतं, आणि त्याला अवधूत लागला नव्हता.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फाईलच उरली नाही, मी पुसायला लावली, टॅक्सी मी मनानं घातली, हातगाडीच होती. बोलता बोलता रडू आलं. अण्णांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"माका बरा वाटाक सांगतंस."

"नाही हो अण्णा, खरंच!" मी दर्शनाला हाक मारली. तिनंही तेच सांगितलं. "तू पण?" म्हणून ते हसले. अवधूतला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो बिचारा शपथेवर सांगत होता, अण्णा मान डोलवत होते.

"तेका पण पढवन ठेवलंस? म्हातारो इसारता म्हणान इतक्या नाटक कशाक?"

"आई गं..." मी नुसताच हात जोडून बसलो. त्यांना ते दिसणारही नव्हतं.

"गप रव, निल्या," अण्णा म्हणाले. "टॅक्सीचा आयकान बरा वाटला. इतकी वर्सां माका वाटत होता, हातगाडयेर तुझ्या आयेचे लय हाल झाले. नाय झाले तर."