बोटांनी पाठ केलेलं

...ाुकेलच. पडद्यावर हे उमटलं होतं आणि विनायकने टाइप केलं होतं ‘महोदय’. आधी वाटलं, डोळ्यांचंच काहीतरी. चष्मा पुसला, पुन्हा टाइप केलं – पुन्हा तेच. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, आणि आज सोमवारी मयूर विहारहून नेहमीच्या मेट्रोने येऊन तो बसला, तर खुर्ची सोडून नेहमीचं असं काही उरलंच नव्हतं. हात सवयीने बाण घेऊन खाली डाव्या कोपऱ्यात जाई, तर तिथे नुसतं रिकामं निळं. तेही एक वेळ चाललं असतं... पण बटणं तीच आणि अक्षरं भलतीच, हे म्हणजे आपल्याच जिन्याने चढून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचणं झालं.

चौतीस वर्षांपूर्वी रत्नागिरी सोडून तो दिल्लीत या केंद्रीय मंत्रालयात लागला, तेव्हा करोल बागेतल्या एका क्लासात रेमिंग्टनच्या लोखंडी यंत्रावर हिंदी टायपिंग शिकला होता. मास्तर मुलांच्या बोटांवर रुमाल टाकायचे – देखना नहीं. पुढे यंत्रं गेली, संगणक आले, पण अक्षरांच्या जागा हलल्या नाहीत, आणि संसदेच्या प्रश्नाचं उत्तर घाईने हिंदीत हवं असलं की मजलाभर एकच वाक्य फिरे : विनायकजी को दे दो. बढती दोनदा हुकली, फायलींवर शेरे लिहिण्यात, नोटिंगमध्ये, त्याने कधी काही दिवे लावले नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. होता तो हा वेग. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आणि तोच गेला तर – तर मी कोण? सेक्शनमधला एक चहा पिणारा म्हातारा.

आजच्या प्रश्नाचं उत्तर चार वाजेपर्यंत वर साहेबांकडे जायला हवं होतं. दोन वाजले होते.

“सर, मैं कर दूँ?” मागच्या टेबलावरून शिवांगीने विचारलं. तीन वर्षांपूर्वी लागलेली. तिला या नव्या मांडणीचं काहीच वाटत नव्हतं.

“नहीं, हो जाएगा,” तो म्हणाला, जरा जास्तच जोरात. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिला वाटलं असणार. त्याला स्वतःला तर वाटलंच.

मग तो एका बोटाने अक्षरं शोधत बसला. प्रश्न होता नळपाणी योजनांचा : कोणत्या गावांत काम अपुरं आहे, आणि का. उत्तर नेहमीचं – सूचना एकत्रित की जा रही है और सदन के पटल पर रख दी जाएगी. हे वाक्य त्याने किती हजार वेळा टाइप केलं असेल! पण आज ते एकेका अक्षराने येत होतं, सू... च... ना... आणि इतक्या सावकाश आल्यामुळे ते त्याला वाचावं लागत होतं. एकत्रित. कोण करतंय?

जयदीपने, त्याच्या थोरल्या भावाने, गावाहून फोन केला होता एकदा, त्याला सात-आठ वर्षं झाली असतील – “विनू, अरे आपल्या योजनेचा प्रश्न लागला होता दिल्लीत! माहिती गोळा करतायत म्हणे. कोण गोळा करतंय रे? इथे तर कुणी फिरकलं नाही.” तो हसला होता, ते दुसरं सेक्शन बघतं म्हणाला होता. खोटं नव्हतं. पण ते उत्तर टाइप कुणी केलं असणार? या मजल्यावर दुसरं होतं कोण? आपल्या गावाचं नाव या दहा बोटांखालून गेलं, आणि मला आठवत नाही... खरंच आठवत नाही. त्याला लाज वाटली, कान तापेपर्यंत.

“शिवांगी, ये सूचना... कौन एकत्रित कर रहा है?”

ती हसली. “सर, ये तो स्टैंडर्ड लाइन है!” आणि उठून त्याच्या टेबलाशी आली, सेटिंगमध्ये दोन-चार ठिकाणी खटखट केलं. “अरे, पुराना रेमिंग्टन वाला कीबोर्ड है इसमें! बस छुपा हुआ था. अब देखिए.”

त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. बोटं बटणांवर ठेवली मात्र, ती धावली – ते अर्धमुर्धं वाक्य पुसून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली आणि एका दमात शेवटपर्यंत आला. एकही चूक नाही.

“वाह सर!”

गेलेलं सगळं परत मिळालं होतं. तो पडद्याकडे बघत राहिला. वाक्य पुरं झालं होतं, पूर्णविरामासकट, आणि त्यातला एकही शब्द टाइप करताना तो तिथे नव्हता. असा मी कुठकुठे नव्हतो, त्याच्या मनात आलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, उत्तर तयार असून, ते पुढे पाठवायला त्याचा हात उचलेना.