सुईच्या आधीचा आवाज

मी एक जुना ट्रे आहे. स्टीलचा, मध्ये खोलगट आणि एका बाजूने आत वळलेला. दवाखान्यात मला किडनी ट्रे म्हणतात. हसू नका, मित्रांनो. हा वाकडेपणा मला मुद्दाम दिलेला आहे, म्हणजे मी माणसाच्या अंगाला नीट टेकून बसतो. कारखान्यात यंत्राने एका सपाट पत्र्यावर असा दणका घातला की क्षणात माझा जन्म झाला. पुढे घासूनपुसून मला खोक्यात भरलं.

मी आलो तो थेट मुलांच्या वॉर्डात. ओळीने खाटा, खांद्याच्या उंचीपर्यंत हिरव्या रंगाच्या भिंती, खिडकीखाली औषधांची ट्रॉली. त्या ट्रॉलीवर माझी जागा. माझ्यात कापूस, चिमटा आणि भरलेली सिरिंज असायची. मला हाताळायच्या त्या सिस्टरांना सगळा वॉर्ड थोरल्या सिस्टर म्हणायचा. वयाने थोरल्या आणि आवाजाने त्याहून थोरल्या! वॉर्डबॉय त्यांना बघून चळाचळा कापायचा, पोरं मात्र त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून ड्युटी संपली तरी त्या कुणाला भरव, कुणाची वेणी घाल, असं करत रेंगाळायच्या.

त्यांची एक सवय होती. इंजेक्शन द्यायला खाटेजवळ आल्या की चिमट्याने माझ्या कडेवर टण् टण् वाजवायच्या. "बघा बघा, कोण आलं!" पोरगं आवाजाकडे बघेल आणि तेवढ्यात सुई टोचून होईल, असा त्यांचा विचार. मलाही तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू?

मग टिटवी आली. चार वर्षांची, काडीसारखी, पण आवाज असा की सगळ्या वॉर्डाने एकमताने हे नाव ठेवलं. दुखणं मोठं होतं. सकाळ-संध्याकाळ सुई, आणि तीही कित्येक आठवडे. सुई चुकवली असती तर पोर हातची गेली असती.

पहिल्यांदा मी वाजलो तेव्हा ती खुदकन हसली. "परत वाजव ना!" म्हणाली. लगेच सुई टोचली आणि तिने वॉर्ड डोक्यावर घेतला.

आता नीट ऐका, मित्रांनो. सुई टोचली की रडू येतं, ते कुणी शिकवावं लागत नाही. पण माझ्या आवाजात रडण्यासारखं काय होतं? काहीच नाही. तरी आवाज, मग सुई. आवाज, मग सुई, असं रोज झालं आणि तिच्या मनाने दोन्हींची गाठ बांधली. थोड्याच दिवसांत सुई दिसायच्या आधी, नुसत्या माझ्या आवाजाने ती रडायला लागली. मग शेजारच्या खाटेवर कुणी वाटीत चमचा वाजवला तरी तिचे ओठ थरथरायचे. माझा जीव चुटपुटायचा, पण मी पडलो ट्रे! सांगणार कसं?

खरा घोळ पुढेच झाला. टिटवी हातपाय झाडायची, म्हणून थोरल्या सिस्टर तिच्या आईला म्हणाल्या होत्या, "तूच धर गं तिला घट्ट. आईच्या कुशीत पोरं घाबरत नाहीत." आईने रोज धरलं. ओठ दाबून, डोळे मिटून धरलं.

एका दुपारी सुईची वेळ नव्हती. मी ट्रॉलीवर उपडा पडलो होतो. आईने सहज उचलायला हात पुढे केले आणि टिटवी भिंतीला जाऊन चिकटली. "नको! धरू नको मला!"

आईचे हात तसेच राहिले. "सिस्टर," ती कशीबशी म्हणाली, "ही मला घाबरते हो. मी काय केलं?"

मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही काही केलं नाही. तुमची मिठी आली की सुई येते, एवढंच ती शिकलीय. आता मिठी यावी आणि सुई येऊ नये, असं पुन्हा पुन्हा व्हायला हवं. सुईच्या वेळी आईने वॉर्डाबाहेर थांबायचं."

"मग धरणार कोण?" आईने विचारलं.

"मी धरते. टोचेल दुसरी," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, कुशीत तोंड असताना टोचणारं तिला दिसत नाही, जो धरेल त्याची भीती बसेल तिला. ती तुमच्याच हातून जेवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कळतं मला. पण आईला धरायला मीच लावलं ना? आणि मी नाही आवडले तरी पोरीचं काय अडतंय? आईशिवाय अडेल."

त्या दिवसापासून मला वाजवणं बंद झालं. आई रोज खाटेच्या कडेला नुसती बसायची. टिटवी आधी लांबून बघायची. मग तिचा पाय आईला लागला, काही झालं नाही. आईने पाठीवर हात ठेवला, काही झालं नाही. मध्ये आईला ताप आला आणि ती दोन दिवस आली नाही. परत आली तर पोर पुन्हा भिंतीला! आईने हाय खाल्ली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भीती अशी मागे वळून येते. या वेळी लवकर जाईल." तशी ती गेलीही.

इकडे थोरल्या सिस्टर दारात दिसल्या की टिटवी किंचाळायची. मग नुसत्या त्यांच्या आवाजाने किंचाळायला लागली. दणदणीत बोलणारी ती बाई वॉर्डात कुजबुजायला लागली. भरवायची वाटी त्यांनी मुकाट्याने आयाबाईंच्या हातात दिली. मला धुताना त्यांचे हात मध्येच थांबायचे. माझ्या पत्र्याच्या काळजालाही ते सोसवत नव्हतं.

टिटवी बरी झाली. घरी जायच्या दिवशी सिस्टरांनी गणवेश उतरवला, घरचे कपडे घातले. म्हणाल्या, "अशी बघितली तर कदाचित ओळखणार नाही." रिकामे हात पुढे धरून त्या दाराशी उभ्या राहिल्या.

पोरीने ओळखलं. तिने आईच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि ओरडली, "आई, धर! मला घट्ट धर!"

आईने धरलं. सिस्टरांकडे बघून तिला रडू आवरेना. सिस्टर मागे सरकल्या, तोंडावर पदर धरला आणि हळूच म्हणाल्या, "ऐकलंस? धर म्हणाली."

आता वॉर्डात प्लॅस्टिकचे ट्रे आलेत. मला पोचा पडलाय आणि मी मोरीत साबणाचे तुकडे सांभाळतो. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, बरे होऊन घरी जाल तेव्हा ज्या हातांनी तुम्हाला दाबून धरलं होतं, त्यांच्याकडे एकदा वळून बघा. भीती वाटली तर लांबूनच बघा. सिस्टर दाराशी उभ्या असतात.