होतकरू विल्फ्रेड

आमच्या यॉर्कशरच्या गावात ‘होतकरू’ हा शब्द पोरासोरांसाठी राखून ठेवलेला. क्रिकेटचा नवा गोलंदाज होतकरू, शाळेच्या नाटकात न अडखळलेली मुलगी होतकरू. बक्षीस द्यायचं नसलं की हा शब्द द्यायचा आणि पाठीवर थाप मारायची. म्हणून गावच्या वार्षिक प्रदर्शनात माझ्या शेजाऱ्याच्या, ऐंशीला टेकलेल्या विल्फ्रेडच्या केकपुढे परीक्षकांची ‘होतकरू’ अशी चिठ्ठी पाहून माझं डोकंच फिरलं.

त्याची बायको एनिड वसंतात गेली. तेव्हापासून विल्फ्रेड धड जेवत नव्हता, दार उघडत नव्हता. मुलीनं वृद्धाश्रमात खोली पाहिली, तर हा नुसता “बरं” म्हणाला. तिकडे जायच्या आधी एनिड करायची तो केक एकदा स्वतः करून प्रदर्शनात मांडायचा, एवढीच त्याची इच्छा. दोन थर, मध्ये रासबेरीचा जॅम, वर साखर. पण पठ्ठ्यानं केक जाळीवर पालथा ठेवून निववला आणि वर जाळीच्या रेघा उमटल्या. आमच्या प्रदर्शनात त्या रेघांना माफी नाही, बक्षीस गेलंच.

मी परीक्षक हिल्डाला गाठलं. “म्हाताऱ्याची थट्टा करतेस? लाज नाही वाटत?”

“थट्टा कसली गं? आधी खाऊन तर बघ.”

खाल्ला. हलका होता, गोड होता. “पण एनिडसारखा नाहीये,” मी म्हटलं.

“नाहीच. तिचा तिच्याबरोबर गेला. हा याचा आहे, नवशिक्याचा. ज्याच्या हातून अजून बरंच व्हायचंय, त्याला दुसरं काय म्हणू?”

विल्फ्रेड मागेच उभा होता. त्यानं चिठ्ठी उचलली, चष्मा काढून डोळे पुसले.

“सगळे म्हणतात, विल्फ्रेड, छान संसार झाला, आता आराम कर. अजून काही व्हायचंय असं कुणी म्हणालंच नाही मला.” मग घसा खाकरून म्हणाला, “हिल्डा, त्या रेघा कशा टाळायच्या?”

“जाळीवर फडकं टाक, गाढवा,” हिल्डा म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. माझंही काही वेगळं नव्हतं.

विल्फ्रेडनं तिथूनच मुलीला फोन लावला.

“अगं, त्या खोलीत ओव्हन आहे का? नाही? मग नको मला ती.”