गेटजवळची खोली

"जे काय असेल ते तोंडी बोल. त्या शाळेला कागद देऊ नकोस," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. जिन्यात आम्ही समोरासमोर आलो होतो. त्यांच्या हातात भाजीची पिशवी, माझ्या हातात पाकीट. त्यांच्या दोन्ही मुली त्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या. "कागद गेला की त्यांना कुणावर तरी कारवाई करावीच लागते गं. मग जो हाताशी सापडेल त्याच्यावर करतात."

मी हसले. "काकू, लेखी दिल्याशिवाय हल्ली कुणी दाद देत नाही."

"दाद द्यायला लागले ना, मग बघ," असं म्हणत त्या गुडघ्यावर हात ठेवून वर चढू लागल्या.

मी पदवीधर बाई. विषय कुठे लिहायचा, भाषा कशी ठेवायची, पोच कशी घ्यायची, हे मला काकूंनी सांगायचं? पाकिटाची कड पुन्हा एकदा दाबली आणि मी शाळेच्या रस्त्याला लागले.

सुरुवात एका स्कर्टपासून झाली होती.

माझी मुलगी आठवीत. शाळा शिस्तीसाठी नावाजलेली. प्रवेश घेतानाच नियमांची अकरा पानी पुस्तिका हातात पडते आणि शेवटच्या पानावर आईवडिलांच्या सह्या घेतात. रिबन काळीच. मोजे पोटरीच्या मध्यापर्यंत. स्कर्ट गुडघ्याखाली किमान दोन इंच. चूक सापडली की गेटवरच्या वहीत नाव, आणि तीनदा नाव आलं की आठवडाभर घरी. खरं सांगायचं तर मला ते नियम आवडायचे. रोज पेपरात काय काय वाचते मी! निदान एक जागा अशी, जिथे सगळं मोजूनमापून चालतं, असं वाटायचं.

मोजायचं काम गेटवरच्या मावशींचं. पन्नाशी उलटलेल्या, काटक, चेहऱ्यावर कधी हसू नाही. हातात लाकडी फूटपट्टी, म्हणून मुलींनी त्यांचं नाव ठेवलेलं पट्टीमावशी. गेटच्या आत डाव्या हाताला त्यांची खोली. पूर्वी तिथे पाण्याचा पंप होता म्हणे. दाराला हिरवा पडदा.

त्या सोमवारी संध्याकाळी मी इस्त्रीला बसले. मुलीच्या स्कर्टची दुमड मी स्वतः घालते, दुहेरी दोऱ्याने, तिरक्या टाक्यांनी. स्कर्ट उलटा केला तर टाके सरळ, बारीक, एकेरी दोऱ्याचे. कमरपट्टीच्या आत मी लाल दोऱ्याची फुली काढते, ती नाही. हा माझ्या मुलीचा स्कर्टच नव्हता.

"हा कुणाचा गं?"

"माझाच." तिने वहीतून डोकं वर काढलं नाही.

"तुझ्या सगळ्या कपड्यांवर माझी खूण असते."

"मी काय गाय आहे का, खूण करायला?"

"शाळेत कपडे बदललेस तू?"

"आई, तू ना खरंच पोलिसात जायला हवं होतंस," असं म्हणून ती हसली. पण तिचे कान लाल झाले होते. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, बोलायला लागली तेव्हापासून होतात.

नवरा म्हणाला, "पोरीपोरींनी अदलाबदल केली असेल. स्कर्ट आहे गं तो, दागिना नाही."

"अदलाबदल कुठे केली? कुणासमोर केली?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून तीन सकाळी मी शाळेसमोरच्या वह्यापेनांच्या दुकानात उभी राहिले. दुकानदार पहिल्या दिवशी "या ताई" म्हणाला, दुसऱ्या दिवशी "अजून एक पेन?" म्हणाला, तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाला नाही. मुलींची रांग पुढे सरकायची, मावशी वाकून पट्टी लावायच्या, मान हलवायच्या. मध्येच एखादीला हनुवटीनेच खोलीकडे जायची खूण. मग दुसऱ्या शिपाईबाईच्या हातात पट्टी देऊन त्या मुलीच्या मागोमाग आत. पडदा ओढला जायचा. एक मुलगी चार मिनिटांनी बाहेर आली. एक नऊ मिनिटांनी, आणि तिचे डोळे रडल्यासारखे होते.

गुरुवारी माझी मुलगी रांगेत दिसली. दप्तर पाठीवरून खाली, कमरेमागे धरलेलं. मावशींनी तिला मोजलंसुद्धा नाही. नुसतं पाहिलं. आणि ती खोलीत शिरली ती रोजच्या पायाखालच्या वाटेने जावं तशी. अकरा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते.

घंटा झाल्यावर मी रस्ता ओलांडला.

"मावशी, मुलींना आत कशाला नेता?"

"पालकांनी पांढऱ्या रेषेच्या पुढे यायचं नाही."

"मी काय विचारतेय?"

"काम असतं."

"पडदा ओढून?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पोरीला विचारा."

"विचारलं."

"मग नीट नाही विचारलंत, बाई."

ते वाक्य मला लागलं. दोन इयत्ता शिकलेली बाई मला माझ्या मुलीशी बोलायला शिकवणार! त्याच दुपारी अर्ज लिहिला. 'गेटवरील महिला कर्मचारी मुलींना खोलीत नेऊन पडदा लावतात व तेथे त्यांचे कपडे बदलले जातात, असे माझ्या निदर्शनास आले आहे. सखोल चौकशी व्हावी.' एकही शब्द खोटा नव्हता. शुक्रवारी कार्यालयात दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली.

सोमवारी बोलावणं आलं.

खोलीत मुख्याध्यापक, शाळेच्या समितीचे दोन सदस्य आणि कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. चौघंही पुरुष. पट्टीमावशी भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या होत्या, न टेकता. आणि मधल्या मोठ्या टेबलावर त्यांच्या खोलीतलं सगळं मांडलेलं. वेगवेगळ्या मापांचे नऊ स्कर्ट, जुने पण धुऊन घडी घातलेले. काळ्या रिबनींची गुंडाळी. बटणांची बरणी, सुयांची डबी, बूट पॉलिश. शेकायची रबरी पिशवी. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅडची पाकिटं, एकाचं टोक फाटून बाहेर आलेलं.

तिसरा स्कर्ट माझ्या मुलीचा होता. कमरपट्टीला लाल फुली. मागच्या बाजूला एक फिकट डाग, धुऊनही पुरता न गेलेला.

माझं बोट आपोआप त्या फुलीकडे गेलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"तुमच्या सतर्कतेमुळे मोठा गैरप्रकार उघडकीस आला," मुख्याध्यापक म्हणाले. ते खरोखर खूश होते. "ही वही पाहा. साडेपाचशे मुली, आणि चार महिन्यांत नावं किती? सहा! दोषी मुलींना आत नेऊन, ठाकठीक करून, ही बाई वर्गात सोडत होती. वर्षानुवर्षं शिस्तभंग लपवत होती."

"आणि हे बघा," एका सदस्याने पट्टी उचलली. "सुरुवातीचा अर्धा इंच तासून टाकलाय. दीड इंच भरलं की हिच्या पट्टीवर दोन दिसतात."

"मावशी, काय म्हणायचंय तुम्हाला?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पोरी वाढतात, साहेब," मावशी म्हणाल्या. "कापड वाढत नाही."

दुसरा सदस्य हसला, मग मुख्याध्यापकांकडे बघून गप्प झाला.

"या पालकांच्या मुलीचा स्कर्ट का बदललात?" मुख्याध्यापकांनी पुढे विचारलं.

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कारकुनाच्या पेनाकडे. "फाटला होता."

"कुठे फाटलाय? धड तर दिसतोय." सदस्याने स्कर्टकडे हात नेला.

मावशी दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी तो स्कर्ट आधी उचलला, डाग आत जाईल अशी घडी घातली आणि छातीशी धरला. "शिवलाय मी. पोरींच्या कपड्यांना हात नका लावू, साहेब."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. फार काही नाही, 'माझा अर्ज चुकला,' एवढंच. पण कारकून प्रत्येक शब्द उतरवत होता. मी बोलले असते तर माझ्या मुलीची गोष्ट त्या कागदावर गेली असती, चार पुरुषांनी वाचली असती, फाइलला लागली असती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं कारण तेवढंच होतं का, याचा मला अजून संशय आहे. अर्ज माझा होता. शिक्का मारून घेतलेला होता. तो चुकला म्हणायला जीभ उचलली नाही.

'वाचून दाखवले, मान्य आहे,' याखाली मी सही केली. दुपारी मावशींना कामावरून काढलं. एकवीस वर्षं त्या त्या गेटवर होत्या.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती दप्तर न काढताच समोर उभी राहिली.

"तू लिहून दिलंस?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"मागच्या सोमवारी दुसऱ्या तासाला स्कर्टला डाग पडला. बाहेर सोडत नव्हते. मावशींनी वर्गातून बोलावून नेलं मला, त्यांना कसं कळलं देव जाणे. म्हणाल्या, आईला सांग. मीच म्हटलं, तुम्ही नका सांगू."

"अगं पण का?"

"सांगितलं असतं तर तू शाळेला लिहिलंच असतंस. बाथरूमला का नाही सोडलं म्हणून." ती रडत नव्हती. "मग माझं नाव सगळीकडे झालं असतं."

"हे सुरू होऊन किती दिवस झाले?"

"दोन महिने. गुरुवारी पॅड आणायला गेले होते."

दोन महिने. मी तिच्या बुटांच्या नाड्या तपासत होते, डब्यात किती उरलं ते बघत होते, वह्यांची मागची पानं वाचत होते. आणि त्या दोन महिन्यांत ती शेकायची पिशवी पोटाशी धरून एका परक्या बाईच्या खोलीत बसत होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायचा अर्ज घेऊन गेले. कारकून म्हणाला, "बाई, निकाली निघालेलं प्रकरण मागे घेता येत नाही. तरतूदच नाही." काकू जिन्यात भेटल्या. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गेटवर एक तरुण बाई आहे, तिच्याकडे स्टीलची पट्टी आहे. पहिल्याच आठवड्यात त्रेचाळीस नावं. त्यात माझ्या मुलीचं दोनदा. खोलीला कुलूप आहे.

मावशींचा पत्ता मी त्या दुकानदाराकडून काढला. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, गॅरेजच्या वर एकच खोली. दार त्यांनीच उघडलं. आत खाट, स्टोव्ह आणि चादर टाकलेलं शिलाई मशीन. बसा म्हणाल्या नाहीत, पण पाणी दिलं.

"तुम्ही काही खोटं नाही लिहिलंत," त्या म्हणाल्या. "आत नेत होते. पडदा ओढत होते."

"मावशी, तुम्ही तिथेच सांगायला हवं होतं. माझ्या मुलीचं नाव घेतलं असतं तरी..."

"घेऊन?" त्यांनी भांडं माझ्या हातातून परत घेतलं. "कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी एक पोर होती. स्कर्टला डाग पडला, म्हणून शाळा सुटायच्या आधी घरी निघाली. मी नियमानं नाव लिहिलं. कारण विचारलं वहीत, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते वर्गात वाचून दाखवलं. पुन्हा आली नाही ती शाळेत. कधीच." थोडा वेळ त्या मशीनवरच्या चादरीची सुरकुती काढत राहिल्या. "दहावी झालेल्या पोरींचे स्कर्ट तेव्हापासून मागून ठेवायला लागले."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही.

"असू दे. पण आता येऊ नका, बाई. तुम्ही दिसलात की मला पुन्हा त्या टेबलापुढे उभं केल्यासारखं होतं."

तरी मी गेले. नंतर तीनदा गेले. पहिल्या वेळी खालच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "बहिणीकडे गेल्यात." दुसऱ्या वेळीही तेच, माझ्याकडे न बघता, हातातला पाना पुसत. पण गेल्या मंगळवारी मी वर चढले. दार वाजवलं. आत भांडं सरकल्याचा आवाज आला, मग खाट करकरली, मग काही नाही. मी पाच मिनिटं उभी होते. आतलं माणूसही उभं असावं असं वाटलं. मुलीला घेऊन येऊ का, असं मी दाराला तोंड लावून विचारलं. दार उघडलं नाही. खाली आल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "सांगितलं ना, बहिणीकडे आहेत." बहीण आहे की नाही कोण जाणे. मला तसं सांगायचं, असं त्यांनीच त्याला बजावलं असणार. किंवा नसेलही. महिनाभर त्यांना कुणी रस्त्यावर पाहिलेलं नाही. दुकानदाराने नाही, दुधाच्या टपरीवाल्याने नाही.

मी आता कुणाला अर्ज लिहिणार नाही. तुम्ही जर त्या बाजूला राहत असाल, किंवा कामाला जाता-येता पाण्याच्या टाकीवरून तुमची वाट असेल, तर एकदा वर चढा. जिना अरुंद आहे, कठडा हलतो. दार जरा जोरात वाजवा, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. माझं नाव काढू नका. जेवल्यात का, ताप वगैरे नाही ना, एवढंच विचारा. दार उघडलं नाही तर आतून बोलतात का ते ऐका. मला येऊन सांगायची गरज नाही. फक्त एकदा बघून या.