माझ्या डब्याला भोक नाही

मित्रांनो, मी एक कागदी लिंबाचे झाड आहे आणि मी माणसांच्या मायेला कंटाळलो आहे. तुम्हाला राग येईल, पण आधी माझी हकीगत ऐका.

मी मूळचा अमडापूरचा. अमीनाबींच्या अब्बांनी मला आपल्या मळ्यात वाढवले. अब्बा गेले, मळा विकला गेला आणि माहेरची एवढीच एक खूण अमीनाबींनी जळगाव जामोदला, सासरी आणली. गल्लीतल्या बकऱ्या पाला ओरबाडतात, म्हणून मला बैठकीत खिडकीपाशी ठेवले. तिथे ऊन छान येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती डब्याची. अमीनाबींचे पती कलीमभाई घरे रंगवतात. त्यांनी मला रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले आणि नवी फरशी खराब होईल म्हणून बुडाला भोकच पाडले नाही! त्यात या घरात प्यायचे पाणी फेकणे म्हणजे गुनाह. पाहुण्याने अर्धा ग्लास ठेवला, की तो माझ्या डब्यात. ईदच्या दिवशी तर मी अक्षरशः पोहत होतो. शेवटी मुळे कुजू लागली, पाने पिवळी पडली.

अमीनाबींच्या डोळ्यांत पाणी आले. "काऊन रे, सुकून राह्यला? तहान लागली का तुले? अब्बाची एवढीच निशानी हाय माह्याजवळ." आणि वर आणखी एक तांब्या! आता या बाईला काय सांगावे?

उन्हाळ्यात सगळे घर अमीनाबींच्या बहिणीकडे लग्नाला गेले, ते तीन आठवड्यांसाठी. शेजारच्या रुखमाबाईंकडे किल्ली देताना अमीनाबींनी बजावले, "मावशी, याले पानी टाकत जा. मरू देऊ नका."

"हाव, हाव," म्हणून रुखमाबाई साफ विसरल्या. मित्रांनो, डब्यात आल्यापासून पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला! माती सुकली. कोवळी पालवी फुटली, एक कळीसुद्धा आली.

अमीनाबी परतल्या आणि मला पाहून हरखून गेल्या. "मावशी, किती जीव लावला वो तुम्ही याले! किती पानी टाकलं?"

रुखमाबाईंनी पदर सावरला. "सकाई-संध्याकाई बालटीभर टाकत होती ना, अमीनाबी."

अहो, खोटेच बोलायचे होते तर निदान तांब्याभर तरी म्हणायचे!

मित्रांनो, झाडावर खुशाल माया करा, पण आधी त्याच्या बुडाला भोक पाडा. आणि कोणीतरी लवकर या. अमीनाबी मोरीत गेल्या आहेत, नळ सोडला आहे आणि बादली भरत आली आहे.